एक्सपीवर पायथन ३.४.४ आणि जुनी सीएनसी लेथ : आठ महिन्यांनंतर

बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्क करणाऱ्या बऱ्याच शेडमध्ये जुन्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) लेथशेजारी विंडोज एक्सपीचा पीसी धूळ खात पडलेला असतो. तो भंगारात घालू नका. त्याच्या पाठीला खरा नऊ पिनी सीरियल पोर्ट आहे आणि लेथला तेवढीच भाषा कळते. सर्व्हिस पॅक ३, १ जीबी रॅम, इंटरनेट बंद, अशा पीसीवरून आठ महिने रोज दोन पाळ्या पायथनने प्रोग्राम पाठवणं चालू आहे. काम चोख होतं. बसवताना मात्र आवृत्ती चुकली की दिवस गेलाच.

एक्सपीसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो तो ३.४.४ पर्यंतच. ३.४ च्या पुढच्या दुरुस्त्या नुसत्या सोर्सच्या रूपात आल्या आणि ३.५ ने एक्सपी सोडून दिली. इन्स्टॉल करताना पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाव टाकण्याचा पर्याय बंदच असतो. कस्टमाइझच्या यादीत तळाशी लाल फुली दिसते, ती काढा.

सीरियल पोर्टशी बोलणारं पायथनचं पॅकेज म्हणजे पायसीरियल, ते ३.०.१ च घ्या. नंतरच्या आवृत्त्या विंडोजचं ‘कॅन्सल-आयओ-ईएक्स’ हे फंक्शन मागतात आणि ते व्हिस्टापासूनचं आहे. पायथनसोबत येणारा, पॅकेज बसवणारा पिपही भोळा. कुठल्या पॅकेजला कुठला पायथन लागतो हे तो पाहत नाही, नवीनातलं नवीन उचलतो आणि सिंटॅक्स एररवर आपटतो. म्हणून दुसऱ्या मशीनवर नेमकी फाइल उतरवायची, पेनड्राइव्हने आणायची आणि पिपला तिचा पूर्ण पत्ता द्यायचा. पेनड्राइव्ह फॅट-३२ असू द्या. एक्सफॅट वाचायला एक्सपीला वेगळा अपडेट लागतो. ऑटोरन आधी बंद करा.

खरी गंमत केबलमध्ये आहे. पीसीकडे नऊ पिना, लेथकडे पंचवीस. ‘दोन-तीन उलटे जोडा’ हा सल्ला सगळे देतात, पण इथे तो चुकतो. नऊ पिनीत २ म्हणजे घेणारी तार, पंचवीस पिनीत २ म्हणजे पाठवणारी. म्हणून २ ला २, ३ ला ३ सरळ जोडायचे आणि ग्राउंड ५ ला ७. तीनच तारा वापरत असाल तर लेथकडे ४-५ आणि ६-८-२० आपसांत जोडा, पीसीकडे ७-८ आणि १-४-६. प्लग लावताना-काढताना दोन्हीकडची वीज बंद ठेवा, नाहीतर पोर्ट जळायला वेळ लागत नाही.

पायसीरियल काही न सांगता ८ बिट, पॅरिटीशिवाय (चूक पकडणाऱ्या जादा बिटाशिवाय) पाठवतं. जुन्या कंट्रोलरला बहुधा ७ बिट, इव्हन पॅरिटी लागते. बॉड रेट (पाठवण्याचा वेग) आणि स्टॉप बिट त्याच्या पॅरामीटरमध्ये बघून तेच लिहा. एक्सऑन-एक्सऑफ (लेथचा ‘पाठव’-‘थांब’ इशारा पाळणं) मुद्दाम चालू करावं लागतं. ते विसरलात तर छोटा प्रोग्राम बिनबोभाट जातो, मोठ्याला मध्येच बफर भरल्याचा अलार्म येतो, आणि लोक विनाकारण केबल बदलत बसतात.

मराठी-कन्नड नोंदींचं प्रकरण वेगळंच. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत देवनागरी छापायला गेलात की एन्कोडिंग एरर येऊन पाठवणं अर्ध्यावर थांबतं. स्क्रीनवरचे संदेश रोमन लिपीत ठेवा, ऑपरेटरच्या नोंदी यूटीएफ-८ फाइलमध्ये बॉमसह (फाइलच्या सुरुवातीच्या एन्कोडिंगच्या खुणेसह) लिहा, म्हणजे नोटपॅड नीट उघडतं. अक्षरं जुळून दिसण्यासाठी रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागते आणि त्या वेळी एक्सपीची सीडी हाताशी हवी. देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा, दोन्ही फॉन्ट मग चालतात.

नोंदींवरची तारीख अचानक जुनी दिसायला लागली तर पायथनला दोष देऊ नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. लाइट गेली आणि यूपीएसही बसला की घड्याळ मागे जातं.

सगळं जुळलं की डिस्कची प्रत काढून ठेवा. ती दुसऱ्या बोर्डावर लावताना बायोसमध्ये साटा मोड आयडीई करा. एक्सपीत एएचसीआयचा (साटा डिस्क चालवण्याच्या नव्या पद्धतीचा) ड्रायव्हर नसतो, त्यामुळे निळी स्क्रीन येते आणि चांगली डिस्क खराब समजून फेकली जाते.