काळ्या रेषेतला ओहळ: दोन स्थलदर्शक नकाशांविषयी

माझे आजोळ नेरळजवळ, माथेरानच्या पूर्व पायथ्याला आहे. गावामागून एक ओहळ वाहतो आणि त्याला गावात नुसते ‘ओहळ’ एवढेच म्हणतात. तो डोंगरात नेमका कुठे निघतो आणि उल्हास नदीला कुठे मिळतो, हे पाहण्यासाठी गेल्या उन्हाळ्यात मी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे (कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर) दोन स्थलदर्शक नकाशे घेतले. दादरच्या घरी ते जमिनीवर पसरून आणि नंतर गावी नेऊन वर्षभर वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

एवढ्याशा ओहळासाठी दोन नकाशे लागले, याचे कारण १९ अंश उत्तर अक्षवृत्त. प्रत्येक नकाशात अक्षांश-रेखांशांचा पंधरा मिनिटांचा चौकोन असतो आणि माथेरान व नेरळ यांच्या मधोमध नेमकी ही वेस येते. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार माथेरान आणि कर्जत ४७ एफ/५ या कागदावर आहेत, तर नेरळ ४७ ई/८ या कागदावर. त्यामुळे आमच्या ओहळाचा उगम एका नकाशात आणि संगम दुसऱ्या नकाशात आहे. नकाशे मिळवणे मात्र सोपे आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या मालिकेतील नकाशे २०१७ पासून नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे नकाशे पाहायला एके काळी परवानगी लागत असे, हे आठवले की घरबसल्या हाती आलेल्या त्या फाइलचे अप्रूप वाटते.

नकाशा उघडताच मी निळी रेषा शोधू लागलो, आणि तिथेच फसलो. या नकाशांत बारमाही पाणी निळ्या रंगात दाखवतात आणि पावसाळ्यानंतर आटणारे प्रवाह काळ्या रेषेने. आमचा ओहळ डिसेंबरात डबक्यांपुरता उरतो, म्हणून तो काळा आहे. तपकिरी समोच्चरेषांच्या (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या) गर्दीत ही काळी रेषा पहिल्या नजरेला पायवाटेसारखी भासते. मात्र समोच्चरेषा जिथे जिथे तिला ओलांडतात तिथे त्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात आणि त्या ‘व्ही’चे टोक चढाकडे असते. टोक उताराकडे असेल, तर ती डोंगराची सोंड समजावी. हे एक सूत्र ध्यानात आल्यावर मी कागदावर बोट ठेवून ओहळाच्या उगमापर्यंत चढत गेलो.

मला या नकाशाचा सर्वात आवडलेला भाग म्हणजे हा चढ. समोच्चरेषांमधले अंतर २० मीटरचे आहे. माथेरानच्या कड्याखाली त्या एकमेकींना चिकटतात, मग थोड्या सुटतात, पुन्हा चिकटतात. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांवर थर साचून झालेला असल्यामुळे कडा आणि पायरी, पुन्हा कडा आणि पायरी अशी त्याची घडण असते, आणि ती घडण या रेषांच्या दाटीविरळीत जशीच्या तशी उतरली आहे. मी ओहळावर दोरा ठेवून लांबी मोजली. ती १३ सेंटिमीटर भरली, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर. त्यातल्या पहिल्या दोन किलोमीटरांतच जवळपास सगळा उतार संपतो आणि उरलेल्या वाटेवर ओहळ भाताच्या खाचरांतून, लोहमार्गाच्या मोरीखालून, रेंगाळत नदीपर्यंत जातो. वर धडधडणारे पाणी गावाजवळ येईपर्यंत इतके शांत का होते, या लहानपणच्या प्रश्नाला दोऱ्याने उत्तर दिले.

माथ्यावरची सपाटी पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. माथेरानच्या पूर्वेकडे उतरणारे पाणी उल्हासमार्गे वसईच्या खाडीकडे जाते, तर पश्चिमेकडे उतरणारे गाढी नदीतून पनवेलच्या खाडीत. पावसाचे दोन थेंब माथ्यावर शेजारी पडूनही समुद्राला मिळताना मुंबईच्या दोन बाजूंना असू शकतात. (गाढीची पुढची वाट पाहायला शेजारचा तिसरा कागद लागतो.) वांगणीजवळ लोहमार्ग आणि उल्हास एकमेकांना किती खेटून आहेत, हेही नकाशा दाखवतो, २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, ती याच टापूत.

छपाईचा अनुभव मात्र वाईट. फोर्टातल्या एका दुकानात मी फाइल दिली आणि त्यांनी कागदात मावावी म्हणून ती ए-३ आकारात, तीही एकरंगी छापून दिली. काळा-निळा भेद गेला, म्हणजे कोरडा ओहळ आणि वाहती नदी सारखीच झाली. नकाशाखालच्या रेषाप्रमाणावर (अंतर मोजण्यासाठी छापलेल्या पट्टीवर) एक किलोमीटर २ सेंटिमीटर भरायला हवा, तो १ सेंटिमीटर भरला. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच आक्रसत असल्यामुळे त्यावरून मोजणी करता येते, परंतु कोपऱ्यात छापलेले १:५०,००० हे गुणोत्तर खोटे ठरते. पंधरा मिनिटांचा चौकोन या अक्षांशांवर साधारण ५५ बाय ५२ सेंटिमीटरचा होतो आणि तो ए-२ कागदावरही बसत नाही. म्हणून ए-१ कागद, पूर्ण रंग आणि शंभर टक्के आकार या तिन्ही गोष्टी दुकानदाराला लिहून द्याव्यात. मी दुसऱ्या ठिकाणी तसे केले आणि काम नीट झाले.

गावी गेल्यावर प्रमाणाची मर्यादा जाणवली. कागदावरचा अर्धा मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर असतो. त्यामुळे खालच्या सपाटीत ओहळाची लहान वळणे रेषेत येतच नाहीत आणि बांध किंवा डोह शोधणे व्यर्थ. ओहळाचे नावही अर्थातच कुठे नाही. मामांनी चष्मा चढवून बराच वेळ कागद न्याहाळला आणि म्हणाले, “एवढाच काय रे हा? पावसात तर पलीकडे जाता येत नाही.” मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि म्हशी बसतात तो डोह, कपडे धुण्याचा कातळ आणि पूर्वी लाकडी साकव होता ती जागा अंदाजाने टिपून दिली. मोरीच्या खालच्या अंगाला प्रवाह आता नकाशातल्या रेषेपेक्षा थोडा सरकलेला आहे. अशा ठिकाणी समासात दिलेले सर्वेक्षणाचे वर्ष आधी पाहावे आणि मग चालायला लागावे.

पायी वाट शोधण्यासाठी मोबाइलवरचा उपग्रह नकाशा अधिक सोयीचा आहे, हे मान्य करतो. पण त्यात झाडांखाली ओहळ दिसेनासा होतो आणि उतार कळत नाही. ज्यांना आपल्या गावचे पाणी कुठून येते हे समजून घ्यायचे आहे, त्यांनी हेच नकाशे घ्यावेत. दोन कागद जोडायचे असतील, तर वरच्याचा खालचा समास कापण्याआधी त्यातली सांकेतिक चिन्हांची सूची वेगळी काढून ठेवावी. मी ती कापून टाकली आणि फाइल पुन्हा छापावी लागली.