सेन्सरचे नऊ महिने: बोटं वाचली, बाकीचं सविस्तर सांगतो

लेकीच्या दंडावर सध्या ३१वा सेन्सर आहे, दिवसरात्र शुगर मोजून फोनवर सांगणारा. ती त्याला ‘बटण’ म्हणते. चार वर्षांची असताना तिला टाइप वन डायबेटिस निघाला, पुढचं जवळपास वर्ष आम्ही ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोट टोचून शुगर मोजायच्या यंत्रावर काढलं आणि गेले नऊ महिने हे बटण. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्या सेन्सरना लागू पडेल, आणि त्यातलं निम्मं तर सेन्सरबद्दल नाहीच, घराबद्दल आहे.

आधीची परिस्थिती अशी होती. दिवसाला ८-१० वेळा बोट टोचायचं, शिवाय इन्सुलिनची चार इंजेक्शनं वेगळी. चार वर्षांच्या मुलीचं बोट ते केवढं, आणि त्यातही कडेलाच टोचायचं, कारण मधोमध जास्त दुखतं. रात्री बारा आणि तीनचा गजर लावून मी उठायचो. काही दिवसांनी ती झोपेतच, डोळे न उघडता हात पुढे करायला लागली. बोटसुद्धा निवडून. ते मला बघवेना. सेन्सर घेण्याचं खरं कारण तेवढंच होतं. आलेख, टक्केवारी वगैरे कौतुकं मला नंतर कळली.

लावणं सोपं आहे. अ‍ॅप्लिकेटर दंडावर टेकवून दाबला की सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि कातडीखाली राहतो तो काही मिलिमीटरचा, केसासारखा लवचीक तंतू. पहिल्या वेळी ती आवाजानेच रडली. तिसऱ्या वेळेपासून ‘मी दाबणार’ सुरू झालं. आता कुठला दंड ते ती ठरवते, आकडे मोजते आणि दाबते. आमचा सेन्सर १० दिवस चालतो आणि दर ५ मिनिटांनी एक आकडा फोनवर पाठवतो, म्हणजे दिवसाला २८८.

पण खरी कमाल आकड्याची नाही, शुगर कुठे चाललीय ते दाखवणाऱ्या शेजारच्या बाणाची आहे. (शुगर ७० ते १८० मध्ये राहावी, असं आमचं गणित.) १२० आणि बाण आडवा असेल तर मूल खुशाल झोपू दे. १२० आणि बाण सरळ खाली असेल तर ग्लुकोज घेऊन बसायची वेळ झाली. मीटरवर हे दोन्ही १२० सारखेच दिसायचे, आणि त्या सारखेपणावर विसंबून आम्ही वर्षभर किती वेळा निवांत झोपलो असू, याचा विचार मी करत नाही.

दुसरा फायदा पहिल्याच आठवड्यात दिसला. नाश्त्याआधी ११०, जेवणाआधी १३०, असे आमच्या वहीत झकास आकडे असायचे. मधल्या वेळात काय चालायचं ते वहीला माहीत नव्हतं. सेन्सरने दाखवलं की नाश्त्यानंतर तासाभरात शुगर २८०-२९० वर जाते आणि मग गुपचूप खाली येते. कारण आम्हीच होतो. लहान मूल ताटातलं संपवेलच याचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही इन्सुलिन खाणं झाल्यावर द्यायचो. जलद इन्सुलिनचं काम सुरू व्हायलाच १०-२० मिनिटं लागतात, तोवर कार्ब्स, म्हणजे खाण्यातला शुगर वाढवणारा भाग, पुढे निघून गेलेले. डॉक्टरांशी बोलून आता नाश्त्याचा डोस आधी देतो. ज्या दिवशी ती दोन घास खाऊन ‘पोट भरलं’ म्हणते, त्या दिवशी घरातल्या चौघांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण बाण दिसत असतो, म्हणून धीर होतो.

आता तक्रारी.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो, आणि तो द्रव रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असताना फरक जाणवत नाही. झपाट्याने वर-खाली होत असली की जाणवतो. सगळ्यात जास्त फसवतो तो लो नंतर, म्हणजे शुगर फार खाली गेल्यावर. शुगर ६२ दाखवली, आम्ही ग्लुकोज दिलं, १५ मिनिटांनी बघितलं तर फोनवर ५८. जीव घाबरतो, हात पुन्हा ग्लुकोजकडे जातो. खरं तर रक्तात शुगर केव्हाच वर आलेली असते, फोनला पत्ता नसतो. पहिल्या दोन महिन्यांत आम्ही असे कितीतरी लो दुप्पट ग्लुकोज देऊन ३०० च्या घरात नेऊन ठेवले. लहान मुलांना मुळात कमी लागतं. मोठ्यांचे १५ ग्रॅम तिला नकोतच, आम्हाला वजनानुसार ५-६ ग्रॅम सांगितलेत. आता नियम केलाय: लो दुरुस्त केल्यावर १५ मिनिटांनी बोट टोचायचं, फोनकडे बघायचं नाही. म्हणजे मीटर आणि स्ट्रिप्स घरात राहणारच. ‘आता टोचणं संपलं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिवसाला दहावरून एक-दोनवर आलं, आणि तेही मला पुष्कळ आहे.

रात्रीचा किस्सा. दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला फोन किंचाळला: ५१. मी धडपडत गेलो, तिला उठवून बसवलं, बायको ग्लुकोज घेऊन आली, पोर झोपेत तोंड मिटून बसलेली. सुचलं म्हणून टोचलं तर ११८. ती सेन्सरवर कुशी करून झोपली होती. दंड दाबला गेला की तिथला द्रव कमी होतो आणि सेन्सर खोटा लो दाखवतो. अशा वेळी आलेखातली रेघ उतारासारखी येत नाही, कड्यावरून पडल्यासारखी दिसते. आता रेघ तशी दिसली की आधी तिला हलकेच दुसऱ्या कुशीवर वळवतो, पण टोचून खात्री केल्याशिवाय परत झोपत नाही.

अलार्मचं सांगायलाच हवं, कारण इथे चूक माझी होती. उत्साहाच्या भरात मी खालची हद्द ८० आणि वरची १८० ठेवली होती. रात्रीतून दहा-बारा अलार्म. तीन आठवड्यांत अशी अवस्था झाली की हात आपोआप फोनपर्यंत जायचा, आवाज बंद करायचा आणि सकाळी त्यातलं काही आठवायचं नाही. एका रात्री खरा लो होता आणि आम्ही दोघंही उठलो नाही. आजी पाणी प्यायला उठल्या होत्या, त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकडे बदलून दिले: खाली ७०, रात्री वर २५०, आणि ५५चा अलार्म तर अ‍ॅपमध्ये बंदच करता येत नाही, तो तसाच. आता रात्री एकदा, फार तर दोनदा उठतो, पण वाजला की खरंच उठतो. आणखी एक: फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की अलार्मची परवानगी तपासा. एकदा ती गुपचूप बंद झाली होती आणि आम्ही ‘काय छान रात्र गेली’ म्हणत होतो.

वर गेलेल्या शुगरचा मोह वेगळाच. पूर्वी दोन जेवणांच्या मधे काही दिसतच नसे, त्यामुळे काही करावंसंही वाटत नसे. आता स्क्रीनवर २४० दिसतंय आणि हातात इन्सुलिनचं पेन आहे. मी दुरुस्तीचा डोस दिला, पाऊण तासाने बघितलं तर अजून २३५, म्हणून अर्धा युनिट आणखी. जलद इन्सुलिनचा असर तीन-चार तास राहतो हे मला तोंडपाठ होतं, तरी दिलं. पुढचे दोन तास तिला मांडीवर घेऊन ग्लुकोज भरवत बसलो होतो. त्यानंतर बायकोने फ्रिजवर कागद लावलाय: ‘शेवटचा डोस किती वाजता?’ खाली वेळ लिहायची. अ‍ॅपमध्येही सोय आहे, पण कागदाचा धाक जास्त वाटतो.

बारीकसारीक गोष्टी लवकर उरकतो. पहिल्या दिवशीचे आकडे लहरी असतात, जपून वापरा. कपडे काढताना बाहीत अडकून दोन सेन्सर उपटले गेले, एक दाराच्या चौकटीने घेतला. गोंदाने लाल चट्टे आले होते. डॉक्टरांना दाखवून खाली संरक्षक थर लावतो, जागा बदलत राहतो आणि काढताना तेल लावतो. फोन फार दूर राहिला की आकडे तुटतात. ताप आला की सेन्सर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात वाढणारी आम्लं) सांगत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागतेच. आणि हे यंत्र फक्त सांगतं, करत काही नाही. इन्सुलिन तुम्हालाच द्यायचंय.

घराचं आता.

अ‍ॅप आम्ही तिघांच्या फोनवर घेतलं होतं: माझ्या, बायकोच्या आणि माझ्या बहिणीच्या. आठवड्याभरात घराचं ऑफिस झालं. मी कामावर, तिकडे आलेख चढला की लगेच बायकोला मेसेज: ‘काय दिलंस?’ ती दिवसभर मुलीमागे धावतेय आणि मी लांबून हिशेब मागतोय. एके दिवशी तिने शांतपणे माझा फोन घेतला आणि दिवसाचे अलार्म बंद केले. ‘ती माझ्याजवळ असेल तेव्हा तू बघायचं नाहीस. तुझ्याजवळ असेल तेव्हा मी बघणार नाही.’ आमच्यासाठी अख्ख्या नऊ महिन्यांतली सगळ्यात उपयोगी सेटिंग हीच. बहिणीने स्वतःहून अ‍ॅप काढून टाकलं. म्हणाली, ‘दादा, मला मीटिंगमध्ये घाम फुटतो.’

‘चांगली शुगर’, ‘वाईट शुगर’ हे शब्दही आम्ही सोडले. लेक एकदा २६० बघून म्हणाली, ‘मी आज वाईट केलं का?’ तेव्हापासून फक्त ‘वर’ आणि ‘खाली’.

थोरला नऊ वर्षांचा आहे. पहिले काही दिवस त्याने बहिणीच्या आकड्यांत फार रस घेतला. मग एकदा शाळेतून आला, दप्तर टाकलं आणि विचारलं, ‘माझा आकडा कुणी विचारणार आहे का?’ मी हसलो, पण तो हसत नव्हता. आणि खरंच, दार उघडल्यावर आमचं पहिलं वाक्य महिनोन् महिने ‘हिची किती आहे?’ हेच होतं. आता फोन दाराजवळच्या फळीवर जातो, आधी दोघांची दप्तरं उघडायची, मग आकडा. खाली बाण असेल तर अलार्म वाजतोच, त्यासाठी मुलाकडे पाठ करून उभं राहायची गरज नसते.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. सेन्सरच्या आधी शुगर उतरायला लागली की ती म्हणायची, ‘बाबा, माझे पाय मऊ झाले.’ तिचा शब्द, तिनेच शोधलेला, आणि दहातले आठ वेळा बरोबर निघायचा. सेन्सर आल्यावर तो शब्द हळूहळू बंद झाला. त्याऐवजी, ‘बाबा, फोनमध्ये बघ ना, मी कशी आहे?’ चार-पाच महिने मला यात काही वावगं वाटलं नाही, उलट कौतुकच वाटायचं. मग एका संध्याकाळी फोनवर ९४ होता, बाण आडवा, आणि आजी म्हणाल्या, ‘ही गप्प का झाली?’ मी फोन दाखवला. आजींना तो आलेख वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘ते असू दे, तू टोच.’ ६३ आली. फोनला ते कळायला आणखी दहा मिनिटं लागली.

तेव्हापासून फोन बघण्याआधी तिला विचारतो: वर वाटतंय की खाली? ती अंदाज सांगते, मग दोघं मिळून बघतो. चुकली तर चुकली. पाच वर्षांच्या मुलीच्या अंदाजावर डोस ठरत नाही, पण तो शब्द मला परत हवा होता.

आकड्यांत सांगायचं तर HbA1c, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, तिला आमच्याकडे ‘तीन महिन्यांचं’ म्हणतात, ते ८.४ वरून ७.५ वर आलं. ७० ते १८० मध्ये राहण्याचा वेळ सुरुवातीला ४८ टक्के होता, आता ६६ च्या आसपास. डॉक्टर ७० टक्क्यांच्या वर मागतात, म्हणजे दिवसाचे साधारण १७ तास, आणि ७०च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत. खालचं आम्हाला जमतंय, वरचं अजून नाही. परवडत असेल आणि घरात लहान मूल असेल तर घ्या असंच मी सांगेन. सलग जमत नसेल तर आजारपणात, किंवा डोस बदलताना एखादा लावून बघा, वहीत न दिसणारं बरंच दिसतं. १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं अशा प्रकारचं पहिलं यंत्र तीन दिवस आकडे नुसतं साठवायचं. लावणाऱ्याला काहीच दिसायचं नाही, डॉक्टर मागाहून उतरवून बघायचे. त्या मानाने आपण बरेच सुखी आहोत, पहाटे तीनला तसं वाटत नाही इतकंच.

नवा सेन्सर लावला की दोन तास फोनवर आकडा नसतो. पहिल्या वेळी त्या दोन तासांत मी तिला चारदा टोचलं होतं. परवा ३१वा लावला तेव्हा ती आणि तिचा दादा गादीवर कोलांट्या मारत होते. मी मीटर आणायला उठलो तर ती उलटी असतानाच ओरडली, ‘बाबा नको, पाय मऊ नाही झाले!’

मी तरी टोचलं. ९६.