दहा, पन्नास की तीनशे मीटर? बेळगाव-निपाणीकडच्या नेमबाजाने रायफल कुठून सुरू करावी

स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, आणि आपल्या सीमाभागातल्या घराघरांत रायफलची चर्चा सुरू झाली. त्याचं गाव कांबळवाडी, राधानगरी तालुक्यातलं. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला हा मुलूख परका नाही, सोयरीक असते, येणं-जाणं असतं. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. त्यामुळे ‘आमच्या मुलाला लांब पल्ल्याची रायफल शिकवायची आहे’ असं म्हणणारे पालक आता भेटतात, तसे तिशी-पस्तिशीतले हौशी लोकही भेटतात.

समोर तीन वाटा आहेत: 10 मीटर एअर रायफल, 50 मीटरची .22 (5.6 मिलिमीटर गोळीची) रायफल, आणि 300 मीटर व त्यापुढची मोठ्या बोअरची, म्हणजे जास्त रुंद नळीची, रायफल. माझं मत आधीच सांगतो. पल्ला किती लांब, यावर निवड करू नका. आठवड्यातले चार-पाच दिवस, पावसाळा धरून, जिथे सराव होऊ शकेल ती वाट धरा.

आधी एक हिशेब

बहुतेकांना वाटतं की 300 मीटर सगळ्यात अवघड आणि 10 मीटर पोराटोरांचं. लक्ष्याची मापं काढून बघा. 10 मीटरवर दहाचा, म्हणजे दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण 4.5 मिलिमीटरच्या छर्ऱ्याची कड त्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र 5 मिलिमीटरच्या वर्तुळात पडायला हवं. 50 मीटरवर दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा आणि गोळी 5.6 ची, म्हणून ते वर्तुळ 16 मिलिमीटरचं होतं. 300 मीटरवर दहाचा गोल 100 मिलिमीटरचा. 6 मिलिमीटरची गोळी धरली तर वर्तुळ 106 चं.

आता अंतराच्या प्रमाणात बघा. 50 मीटरवरचे 16 मिलिमीटर सहापट केले की 96 होतात, आणि 300 वर आपल्याला 106 मिळतात. रायफल स्थिर धरण्याच्या दृष्टीने 300 मीटरचा दहा हा 50 मीटरच्या दहापेक्षा किंचित मोठाच आहे. 10 मीटरचे 5 मिलिमीटर पाचपट केले तर 25 होतात, म्हणजे तिथे थोडी सवलत आहे, पण तिथे साठही गोळ्या उभ्यानेच मारायच्या असतात आणि गुण दशांशात मोजतात. एका गोळीला जास्तीत जास्त 10.9.

वाऱ्याचंही तसंच. ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा .22 च्या गोळीला 50 मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर सरकवतो. तोच वारा 6 मिलिमीटरच्या चांगल्या गोळीला 300 मीटरवर साधारण 15 सेंटिमीटर सरकवतो. दोन्हीकडे नुकसान जवळपास तीन रिंगांचं. म्हणून 300 मीटरचं स्वप्न असलेल्या माणसाला मी 50 मीटरवर पाठवतो. तिथे त्याला तीच विद्या स्वस्तात आणि रोज शिकता येते.

10 मीटर: घरी होणारा सराव

एअर रायफलचा मोठा फायदा परवान्याचा. 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 बोअरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, आणि स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या बरीच आत असते. विकत घेताना ओळखीचे कागद द्यावे लागतात, तेवढंच.

जागेचा प्रश्न आपल्याकडे शहरांपेक्षा सोपा आहे. बेळगावातल्या जुन्या घराचा सोप्यापासून परसापर्यंतचा सरळ पट्टा, निपाणीतली रिकामी तंबाखूची वखार, खानापूरकडचं भाताचं कोठार, यांत दहा मीटर सहज निघतात. लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून 1.40 मीटरवर लावा, त्यावर स्वतंत्र प्रखर दिवा सोडा, मागे छर्रे अडवणारी पेटी ठेवा, आणि गोळीबाराच्या पट्ट्यात उघडणारं प्रत्येक दार आतून बंद करा. हे शेवटचं मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. घरात लहान मूल असेल तर तिसऱ्यांदाही.

खर्च मात्र कमी नाही. स्पर्धेच्या दर्जाची फाइनवेर्कबाउ किंवा वाल्थरसारखी परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. जॅकेट, पँट, बूट वेगळे. म्हणून पहिलं वर्ष क्लबच्या रायफलवर काढा आणि पैसे आधी जॅकेटवर घाला. जॅकेट अंगाच्या मापाचं लागतं, उसनं चालत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला ते दोन-तीन वर्षांनी बदलावं लागणार हेही धरून चाला.

10 मीटरची खरी उणीव एकच: वारा नाही. बंद खोलीत उत्तम गुण काढणारी मुलं उघड्या रेंजवर गेली की गोंधळतात, कारण गोळी चांगली सुटूनही आठ लागते आणि चूक आपली की हवेची हे त्यांना ठरवता येत नाही. पण ट्रिगर, श्वास, गोळी सुटल्यावरही रायफल न हलवता थांबणं, ही सगळी पायाभरणी इथेच होते. अभिनव बिंद्राचं 2008 चं बीजिंगचं सुवर्ण आणि गगन नारंगचं 2012 चं लंडनचं कांस्य, दोन्ही 10 मीटर एअर रायफलची.

50 मीटर: इथे जीव रमतो

तीन पोझिशनच्या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्याने अशा प्रत्येकी 20 गोळ्या मारायच्या. पुरुष आणि महिला दोघांनाही आता एकूण साठच. नुसत्या प्रोनची स्पर्धा 2016 च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली, पण राष्ट्रीय आणि जागतिक अजिंक्यपदाला आहे.

.22 ची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, त्यामुळे तिला 50 मीटर जायला सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा वेळ लागतो. तेवढ्यात वारा आपलं काम करतो. आपल्या पठारावर जूनपासून घाट ओलांडून येणारा पश्चिमेचा वारा सलग वाहत नाही. एक झोत येतो, पडतो, पुन्हा येतो. रेंजवरच्या झेंड्यांकडे बघून ‘हा वारा माझा’ असा एक वारा निवडायचा, साइट, म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, त्यावर लावायची, आणि तो परत येईपर्यंत बोट ट्रिगरवरून काढून थांबायचं. साठ गोळ्यांना 90 मिनिटं असतात, थांबायला वेळ आहे. मार्च ते मेच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरून हवेची लहर उठते आणि काळा गोल पाण्यात हलल्यासारखा दिसतो. या दोन्ही गोष्टी वाचायला शिकलेला नेमबाज पुढे 300 वर जाऊन हरवत नाही.

दारूगोळ्याचंही एक शास्त्र आहे. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेले साठे, एकाच नळीतून वेगळे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर गोळ्यांचे वेगळे झुबके, देतात. म्हणून रायफल क्लॅम्पमध्ये धरून लॉट तपासतात आणि जो नळीला मानवतो तोच साठवतात. नवख्याने पहिल्या वर्षी या नादाला लागू नये. नऊच्या रिंगेत स्वतःचा ग्रुप बसत नसेल तर लॉट बदलून काही हाती लागत नाही.

अडचण आहे ती कायद्याची आणि रेंजची. .22 हे अग्निशस्त्र आहे. स्वतःच्या नावावर परवान्यासाठी 21 वर्षं पूर्ण लागतात. त्याखालच्या मुलांना क्लबमध्ये, नियमात बसणाऱ्या देखरेखीखालीच सराव करता येतो. शेताच्या बांधाला लक्ष्याची पाटी लावून रायफल चालवली तर काय होतंय, असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. ही गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते, आणि उसाच्या फडात कोण पाला काढतंय हे बांधावरून दिसत नाही.

300 मीटर आणि पुढे

इथे थोडक्यात सांगतो. बेळगाव लष्कराचं गाव आहे; मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे, आणि लांब पल्ल्याच्या फायरिंगचा आवाज आपल्या कानांना नवा नाही. पण त्या रेंज सैन्याच्या आहेत. नागरिकाने मोठ्या बोअरची रायफल मिळवणं, काडतुसं मिळवणं आणि 300 मीटरची रेंज मिळवणं, ही तिन्ही कामं जमली तरी सरावाच्या गोळ्या वर्षाकाठी मोजक्याच होतात. हजार यार्डांच्या स्पर्धांत तर मध्यम वाराही मोठ्या बोअरच्या .308 गोळीला दोन मीटरहून जास्त सरकवतो. तो वारा वर्षातून दोनदा बघून शिकता येत नाही.

या वाटेला एक प्रामाणिक पर्याय आहे, तो सैन्याचा. भरतीची तयारी करणारा मुलगा नेमबाजीत खरोखर चांगला असेल तर मध्य प्रदेशातल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचं, म्हणजे सैन्याच्या नेमबाजी केंद्राचं, दार त्याला उघडू शकतं. तिथे रायफल, दारूगोळा, प्रशिक्षक सगळं आहे. पण फक्त 300 मीटर मारता यावं म्हणून कुणी सैन्यात जाऊ नये, आणि तशी हमीही कुणी देत नाही.

सराव कोल्हापूरला, नाव कर्नाटकात

सीमाभागातला खरा गुंता हा आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगावहून शंभरच्या थोडं पुढे. मार्गदर्शन मराठीत, नेमबाजीची परंपरा जुनी. बेंगळुरू मात्र पाचशे किलोमीटर. तरीही आधार कार्ड, शाळा, रहिवास कर्नाटकातला असेल तर राज्य स्पर्धेची वाट कर्नाटकच्या संघटनेतूनच जाते. प्रशिक्षण कुठेही घ्या, पण नोंदणी कुठल्या राज्यातून हे पहिल्याच महिन्यात ठरवा आणि कागद एका बाजूचे ठेवा. मुलाने दोन वर्षं घाम गाळायचा आणि ऐन अर्जाच्या वेळी रहिवासाच्या दाखल्यावरून अडायचं, हे दुःख टाळता येण्यासारखं आहे.

माझ्या हिशेबाने निपाणी-चिकोडीच्या मुलाने घरी 10 मीटर आणि शनिवार-रविवार कोल्हापूर असं करावं. बेळगाव शहरातल्याने जवळच्या 10 मीटर रेंजवर रोज जावं आणि महिन्यातून एकदा मोठ्या रेंजवर. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात प्रवासाचा भरवसा नसतो, तिथे घरचा पट्टा हाच आधार. पुण्याच्या बालेवाडीला 50 मीटरची रेंज आहे. सुट्टीत आठवडाभर तिथे राहून सराव केला तर तो महिनाभराच्या तुटक फेऱ्यांपेक्षा उपयोगी पडतो.

बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी मी दुसरा विचार करत नाही: 10 मीटर, किमान दोन हंगाम, मग .22. कॉलेजात असलेल्याने दोन्ही सोबत सुरू केलं तरी चालेल, फक्त उभ्याची पोझिशन एअर रायफलवरच पक्की करावी. नोकरी-शेती सांभाळून हौस करणाऱ्या पस्तिशीच्या माणसाला 50 मीटर प्रोन सुचवतो. पालथ्या पोझिशनला स्लिंगचा, म्हणजे दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा, आधार असतो, शरीरावर ताण कमी येतो, आणि वारा वाचण्याचा जो आनंद त्याला 300 मीटरवर हवा असतो तो इथे पहिल्याच हंगामात मिळतो. परवान्याच्या अर्जाला वेळ लागतो. तो अर्ज आणि क्लबचं सदस्यत्व आधी करा, तोपर्यंत क्लबच्या रायफलवर रिकामा ट्रिगर ओढण्याचा सराव रोज वीस मिनिटं. रायफल कुठली घ्यायची हा विषय त्यानंतर.