कासवाच्या पिल्लाचं घर आणि चारा: सांगलीत काय निवडाल?

आधी कायदा बघू, कारण बाकीची तुलना त्यानंतरची. कुणी काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं पिल्लू देऊ करत असेल, तर ते स्टार कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे आणि ते बाळगल्यास तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. तेव्हा ते घेऊ नका. कुणाकडे सापडलंच तर वनविभागाला १९२६ वर कळवा. वास्तूसाठी कासव हवं असेल तर ताटलीतलं पितळेचं उत्तम, त्याला चाराही लागत नाही.

परदेशी जातींमध्ये घरी पाळण्यासाठी बहुधा सल्काटाची चौकशी होते. हे आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्याचं, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं कासव. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणाऱ्याकडे तो कागद नसेल तर तिथेच थांबा. आणखी एक गोष्ट. आज दोन इंचांचं असलेलं हे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोंचं होतं, जमीन उकरतं आणि तुमच्या मुलांच्या म्हातारपणापर्यंत जगू शकतं. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट असेल तर माझं मत सरळ आहे: घेऊ नका. परसाची जागा असेल तर पुढचं वाचा.

घरासाठी लोक सहसा तीन पर्याय धरतात: माशांची काचेची टाकी, वरून उघडी लाकडी पेटी आणि वरूनही बंद पेटी. टाकी आयती मिळते, म्हणून मोह होतो. पण पिल्लाला काच कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर तिला धडका देत चालत राहतं. खिडकीपाशी ठेवली तर काचेतून उष्णता आत येते, पण हाडं आणि कवच घट्ट होण्यासाठी लागणारे अतिनील किरण मात्र बाहेरच अडतात. एप्रिलच्या उन्हात ती टाकी अक्षरशः भट्टी होते. हा पर्याय मी बाद करतो.

खरी निवड उघडी पेटी की बंद पेटी एवढीच आहे. उघडी पेटी कुठलाही सुतार दुपारभरात करून देतो, हवा खेळती राहते, साफ करायला सोपी. मोठ्या कासवाला ती चालते. पिल्लाला मात्र ओलावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. वाळवंटाकडचा प्राणी म्हणून लोक त्याला कोरडं ठेवतात. साहेलमध्ये पिल्लं पावसाच्या सुमारास बाहेर पडतात आणि कोरड्या दिवसांत बिळाच्या दमट मातीत दडतात. उघड्यावर सुकत वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवरचा प्रत्येक खवला उंचवट्यासारखा वर येतो, आणि एकदा आलेला उंचवटा परत बसत नाही. सांगलीची मार्च ते मेची हवा इतकी कोरडी असते की उघड्या पेटीत सकाळी शिंपडलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही.

म्हणून पहिली दोन वर्षं बंद पेटी. चार फूट बाय दोन फूट, मरीन प्लायची, पुढे सरकती काच, आतून पाणी न शोषणारा रंग. तळाला नर्सरीत मिळणारं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून तीन-चार इंच दाबून घाला. वाळू नको, ती पोटात जाऊन साचते. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास, दिवसा २७ ते ३२ अंश, हीटरखालच्या कोपऱ्यात ३५ ते ३८, रात्री २६ च्या खाली नाही. थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर, अतिनील किरणांची ट्यूब आणि अर्धा नारळ उलटा ठेवून केलेली लपायची जागा, एवढं पुरतं. ट्यूब दिसायला जळत असली तरी तिचे किरण कमी होत जातात, साधारण वर्षाने बदला.

बंद पेटीची अडचणही सांगतो. थर्मोस्टॅट तापवतो, थंड करत नाही. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ती ठेवली तर पिल्लू शिजेल. उलट बाजूला, ओलं आणि गार हे सर्वांत वाईट: नाकातून फेस, उघडं तोंड, न्यूमोनिया. यासाठी लोक जानेवारीला भितात. साताऱ्याकडे राहत असाल तर मात्र जुलैची आठवण ठेवा. पाऊस सांगलीपेक्षा जास्त, दिवस गार, आणि नेमकी वीजही तेव्हाच जाते. हीटर इन्व्हर्टरवर जोडून ठेवा.

अंगणातला कुंपणाचा वाफा हा चौथा पर्याय, पण पिल्लासाठी तो फक्त कोवळ्या उन्हापुरता. तुम्ही शेजारी बसून वीस-तीस मिनिटं. कावळा, मुंगूस, घूस, शेजारचं मांजर, यातलं कुणीही तुमची पाठ वळायची वाट बघत असतं. पेटी असो वा पुढे मोठेपणीचा वाफा, कृष्णाकाठच्या घरांनी सखल जागी करू नये. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगायला नको.

आता चारा. मंडईतली भाजी, गोठ्यातला चारा आणि बांधावरचा पाला यांत बांधावरचा पाला सहज जिंकतो. सल्काटा मुळात गवत खाणारं जनावर. हरळी हे त्याचं मुख्य जेवण, पिल्लासाठी कात्रीने बारीक कापून. जोडीला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, थोडा शेवगा, काटे काढलेलं फड्या निवडुंग. मंडईतला पालक आणि माठ यांत ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियम अडवतं. टोमॅटो, केळं, कलिंगड नको. काकडी म्हणजे निव्वळ पाणी. दूध-पोळी, बिस्किट, कुत्र्याचं खाणं यांचं नावही काढू नका.

गोठ्यात उसाचं वाढं फुकट मिळतं, म्हणून विचार येतो. पण वाढ्यातल्या ऑक्झलेटने म्हशीचंसुद्धा कॅल्शियम कमी होतं, हे आपल्याकडच्या दूधवाल्यांना ठाऊक आहे. मग तळहाताएवढ्या जिवाला ते कशाला? कोवळी ज्वारी तर विषारीच. लसूणघासात प्रथिनं फार, चिमूटभरच. तासगावकडे द्राक्षाचा पाला भरपूर असतो आणि कासवं तो आवडीने खातात, फक्त बागेवरचा पाला फवारणीचा असतो. परसातल्या, औषध न मारलेल्या वेलाचा असेल तरच द्या. कण्हेर, घाणेरी आणि गाजर गवत आसपासही नको.

आठवड्यातून दोनदा कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट पाल्यावर भुरभुरा, पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस पेटीत ठेवा. रोज कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीखालीच. तिथेच ते बहुधा घाण करतं, पेटी स्वच्छ राहते. लघवीबरोबर पांढरं मऊ पेस्टसारखं पडलं तर ठीक, रवाळ खडूसारखं पडलं तर पाणी कमी पडतंय. दर रविवारी छोट्या डिजिटल काट्यावर वजन लिहून ठेवा. सलग दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही तर सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे जा. असा डॉक्टर कुठे आहे हे मात्र पिल्लू घरी आणायच्या आधीच शोधून ठेवा.