आळंदीचं भक्तनिवास : रूम ९९९ ची, गेले १४९९

आईला एकादशीला पहाटे माऊलींचं दर्शन घ्यायचं होतं म्हणून दशमीला संध्याकाळी पुण्यात मनपावरून पीएमटीची बस पकडली आणि आळंदीत एका ट्रस्टच्या भक्तनिवासात राहिलो. नाव घेत नाही, उगाच वाद नको.

रूम एकदम स्वच्छ, चादरी धुतलेल्या, गरम पाणी पहाटे ५ ते ७ च, नंतर बोंबला. घाट चालत पाच मिनिटांवर. पिठलं-भाकरी अप्रतिम, ठेचा मागितला तर वाटी भरून दिला, आई खुश.

आता पावती. रूमचं भाडं ९९९. हा आकडा काही मुहूर्त काढून ठेवलेला नाहीये, नोंदणीकृत धार्मिक ट्रस्टची आवारातली रूम हजाराच्या आत असेल तर जीएसटी माफ, म्हणून ९९९. हॉलचंही तेच, दिवसाला दहा हजाराच्या आत माफ, आणि बोर्डावर रेट काय तर ९,९९९! समोरच्या लॉजवाल्याला ही सवलत नाही, साध्या हॉटेलांची हजाराच्या आतली माफी जुलै २०२२ मध्ये गेली, तो ९०० च्या रूमवर ५ टक्के म्हणजे ४५ रुपये लावतो आणि चहा पिताना तासभर तेच सांगत बसतो.

माझं म्हणणं, वारकऱ्याला स्वस्तात डोकं टेकायला जागा मिळत असेल तर माफी असूदे की. पण काउंटरवरच्या काकांनी रूमच्या पावतीला दुसरी पावती टाचली, ५०० रुपये, वर छापलंय 'ऐच्छिक देणगी'. म्हटलं काका ऐच्छिक आहे ना, मग नको. तर म्हणे तुमची इच्छा, पण किल्ली दोन्ही पावत्या झाल्यावरच मिळते. मागे लाईन, आईचे गुडघे, दिले गुपचूप.

माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, त्याला रात्री फोनवर सांगितलं तर हसायलाच लागला. केंटकीत एका ख्रिस्ती संस्थेने बायबलमधल्या नोहाची ५१० फुटी नौका बांधलीय, २०१६ ला उघडली, तो पोरांना घेऊन जाऊन आलाय. तिथे पर्यटन प्रकल्पांना सेल्स टॅक्सचा काही भाग परत मिळतो, तिथल्या सरकारने या नौकावाल्यांना नाही म्हटलं कारण धर्मप्रचार आणि नोकरीत श्रद्धेची अट, हे गेले कोर्टात आणि जिंकले. जज म्हणाले सगळ्यांना देता तर धार्मिक आहे म्हणून यांना नाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे उलटंच, धार्मिक आहे म्हणूनच माफी. आपल्या राज्यघटनेचं कलम २७ म्हणतं एखाद्या धर्माच्या प्रचारावर खर्च होणारा कर कुणाकडून सक्तीने घ्यायचा नाही, पण माफी म्हणजे खर्च का, यावर आमचं पाऊण तास चाललं, शेवटी आई ओरडली झोपा आता.

रूमला ४ स्टार, पिठल्याला ५, काउंटरला १. जाणार असाल तर ५०० सुट्टे ठेवा, यूपीआय फक्त रूमच्या भाड्याला चालतं, देणगी कॅशच.