आयोवा आधी, सगळे एकदम, की आळीपाळीने? अमेरिकी प्रायमरीच्या तीन वेळापत्रकांची तुलना

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायला राज्याराज्यांत होणारी निवडणूक म्हणजे प्रायमरी. न्यू जर्सीत तिचं मतदान साधारणपणे जूनमध्ये होतं. तिथल्या एडिसन गावातल्या मराठी मतदाराची पाळी येईपर्यंत पक्षाचा उमेदवार बहुतेकदा ठरलेला असतो. वर्षानुवर्षं सर्वांत आधी कौल देत आलेल्या आयोवा आणि न्यू हॅम्पशायरला मात्र पूर्ण यादीतून निवड करता येते. हे बदलायला हवं का?

या राज्यांची ताकद प्रतिनिधींच्या (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारासाठी मत देणाऱ्यांच्या) संख्येत नाही. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात आयोवाकडे ४१ प्रतिनिधी होते, कॅलिफोर्नियाकडे ४१५. खरी ताकद चाळणी लावण्यात आहे. मागे पडलेल्याच्या देणग्या आटतात, बातम्यांतून नाव गळतं आणि तो माघार घेतो. तरीही हा शेवटचा शब्द नव्हे. बिल क्लिंटन १९९२ मध्ये दोन्हीकडे हरले. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते. साउथ कॅरोलायनाने त्यांना तारलं.

आहे तो क्रम. याची जमेची बाजू म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर. आपल्या जॉर्जिया राज्याबाहेर फारसं कोणी ओळखत नसताना त्यांनी १९७६ साली आयोवात लोकांना प्रत्यक्ष भेटून जम बसवला. तेव्हाही सर्वाधिक कौल 'कोणीच ठरलेलं नाही' याला होता आणि कार्टर दुसरे होते, पण तेवढं पुरलं. छोट्या राज्यात पैशाची कमतरता पायपिटीने भरून काढता येते. अडचण ही की मानाचं पान वर्षानुवर्षं त्याच दोघांच्या ताटात: न्यू हॅम्पशायर १९२० पासून, आयोवा १९७२ पासून. दोन्ही राज्यं बहुतांशी गोऱ्यांची. आयोवात मक्यापासूनच्या इथेनॉलविरुद्ध बोलायला उमेदवार कचरतात, हा आरोप जुनाच आहे (टेड क्रूझ २०१६ मध्ये बोलले आणि तरीही जिंकले, हेही खरं). आयोवातली कॉकसची, म्हणजे स्थानिक सभेत जमून कौल देण्याची पद्धत तर मला पहिलेपणापेक्षा जास्त खटकते. ठरल्या वेळी प्रत्यक्ष हजर राहायचं, म्हणजे रात्रपाळीवाला बाहेरच. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने तिथे आधी मिट रॉम्नी पुढे असल्याचं सांगितलं, मग रिक सँटोरम; २०२० मध्ये डेमोक्रॅटांच्या ॲपने घोळ घातला आणि निकाल लांबला.

देशभर एकाच दिवशी. सगळ्यांच्या मताला सारखी किंमत, हे ऐकायला छान वाटतं. पण दहा उमेदवार असतील तर पाव मतांवर कोणी जिंकेल. पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेशिवाय हा पर्याय मला धोक्याचा वाटतो. नवख्याला एकदम पन्नास राज्यांत जाहिराती परवडणार नाहीत. मात्र पैसा म्हणजेच विजय, असंही नाही. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये पहिली चार राज्यं सोडून सुपर ट्यूसडेवर (अनेक राज्यं एकदम मतदान करतात तो मंगळवार) प्रचंड पैसा ओतला. पदरात पडला तो फक्त अमेरिकन सामोआ या छोट्या बेटांवरला विजय.

आळीपाळी. राज्यांच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (बहुतेक राज्यांत निवडणुकांचं काम पाहणारे अधिकारी) राष्ट्रीय संघटनेने देशाचे चार विभाग करून दर चार वर्षांनी क्रम फिरवायची योजना मांडली होती. गंमत म्हणजे तिच्यातही आयोवा आणि न्यू हॅम्पशायर आधीच राहणार होते! शिवाय एक विभाग म्हणजे कित्येक राज्यं. कार्टरसारख्याला तिथेही धाप लागेल.

अनोळखी उमेदवाराला संधी मिळणं तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल तर एकाच दिवसाचा पर्याय सोडा. प्रत्येक मताची समान किंमत हाच निकष असेल तर तोच घ्या, पण पसंतीक्रमासकट. माझा कल चौथ्याच बाजूला आहे: सुरुवात छोट्याच राज्यांनी करावी, पण दर वेळी वेगळ्या, आणि कॉकस नको.

अडचण अंमलबजावणीची. तारखा राज्यांच्या कायद्याने ठरतात, प्रतिनिधींचे नियम पक्ष करतो. २०२४ साठी डेमोक्रॅटांनी पहिला मान साउथ कॅरोलायनाला, ३ फेब्रुवारीला, दिला. न्यू हॅम्पशायरचा कायदा सांगतो की आपली प्रायमरी इतरांच्या किमान सात दिवस आधीच हवी. त्यांनी २३ जानेवारीला मतदान उरकलं. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, तरी मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं.