लोहकणांचा रंग आणि गंज आणणारं द्रावण: चार महिने वापरल्यानंतर

बाबांनी आयुष्यभर लेथवर काम केलं. गंज हा त्यांचा शत्रू. काम संपलं की प्रत्येक पाना, प्रत्येक कॅलिपर तेलाच्या फडक्याने पुसूनच पेटीत जायचा. ती हत्यारं आता माझ्याकडे आहेत. त्यांच्यासाठी एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची, पेटी करायला घेतली, तेव्हा झाकण जुन्या लोखंडाचं वाटावं असं फार मनात होतं. त्यासाठी हा दोन भागांचा संच आणला. बरणीत लोखंडाची बारीक पूड मिसळलेला अ‍ॅक्रिलिक रंग आणि सोबतच्या बाटलीत त्यावर फवारायचं द्रावण. म्हणजे गंजासारखा रंग नव्हे, खरा गंज.

त्याआधी कित्येक वर्षं मी तीन डब्यांच्या गंज-पेस्ट वापरत आले. गडद तपकिरी, विटकरी आणि नारिंगी. काळ्या गेसोवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तरावर, याच क्रमाने स्पंजने टिपत जायचं, नारिंगी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. त्या खरखरीत पेस्ट मला आजही आवडतात. पण मोठ्या पृष्ठभागावर आपला हात तेच तेच ठिपके उमटवत राहतो आणि पाहणाऱ्याला ते कळतं.

या संचाची बरणी हातात घेतली की आधी जाणवतं ते वजन. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, त्यामुळे सगळी पूड तळाशी बसलेली असते. पहिल्या वेळी मी बरणी नुसती हलवली आणि वरचाच रंग वापरला. गंज आला तो फिका, कुठे आहे कुठे नाही असा. लाकडी काडी तळापर्यंत घालून, खरवडून, दोन-तीन मिनिटं ढवळायलाच हवं, आणि काम चालू असतानाही अधूनमधून. बरणीवर ही सूचना अगदी बारीक अक्षरात आहे. ती ठळक असायला हवी होती.

झाकणाला आधी सगळीकडून गेसो दिला, कडांना दोनदा, कारण एमडीएफची कापलेली कड पाणी पिऊन फुगते. मग स्टेन्सिलमधून उठाव देणारी घट्ट मॉडेलिंग पेस्ट, मध्ये वाळू, चुरगळलेला टिश्यू पेपर आणि चार वॉशर. हे सगळं रात्रभर वाळलं. लोहरंगाचा पहिला हात पूर्ण वाळू दिला, दुसरा किंचित ओला असतानाच फवारा मारला. हा ओलेपणा महत्त्वाचा आहे. अ‍ॅक्रिलिक पक्कं झालं की लोहकण त्याच्या आवरणात बंद होतात, आणि गंज चढायला लोखंडापर्यंत पाणी आणि हवा दोन्ही पोहोचावी लागतात.

पहिला तासभर राखाडी रंग तसाच राहिला. मग कडांना पिवळट झाक आली. झोपायच्या आधी पाहिलं तर वॉशरभोवती नारिंगी कडी उमटली होती. सकाळी झाकणासमोर मी बराच वेळ उभी राहिले. द्रावण जिथे साचलं होतं तिथे गंज दाट, उंचवट्यांवर विरळ, आणि तिरक्या बाजूने ओघळ आलेले, अगदी जुन्या दाराच्या बिजागरीखाली येतात तसे. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, पाण्याने स्वतःची वाट काढली होती. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून काही ठिकाणी पृष्ठभाग बारीक कणांनी वर उचललाही गेला. हा पोत स्पंजला कधीच जमला नसता.

रंगाबद्दल मात्र तक्रार आहे. ताजा गंज भडक नारिंगी दिसतो, आणि या संचाची मजल तिथपर्यंतच. शिकागोतलं पिकासोचं शिल्प 1967 मध्ये उभं राहिलं, कॉर-टेन पोलादाचं, ज्यावर गंजाचा थर मुद्दाम चढू देतात. त्याचे आजचे फोटो पाहिले तर कळतं की मुरलेला गंज किती काळसर तपकिरी असतो. ते वय आणायला मी खोलगट भागांत बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, ओला असतानाच फडक्याने टिपला, आणि नारिंगी फक्त ओघळांत आणि कडांना ठेवला. एका कोपऱ्यावर जुनी तपकिरी पेस्टही लावली. झाकण खरं वाटायला लागलं ते त्यानंतर.

सोबतची बाटली रंगाच्या मानाने लहान आहे, लवकर संपते. पुढे मी घरीच द्रावण केलं: 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दोन कप, व्हिनेगर चार मोठे चमचे, मीठ दीड लहान चमचा. गंज भराभर येतो, पण वाळल्यावर मिठाचा पांढरा थर दिसतो आणि ते मीठ ओल धरून ठेवतं. हे मिश्रण लागेल तेवढंच करावं. झाकण घट्ट लावून साठवू नये, आत वायू साचतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीचच्या आसपासही नेऊ नये. आणखी एक, द्रावण लागलेला ब्रश परत बरणीत बुडवू नका, आतला रंगही गंजायला लागतो. मी दर वेळी थोडा रंग वेगळ्या वाटीत काढून घेते.

वार्निशची वेळ आली तेव्हा मला मोठा धक्का बसला. पेटीच्या पुढच्या बाजूला आईच्या जुन्या लेसची पट्टी लावली होती. पाण्यावर आधारित मॅट वार्निश ब्रशने लावलं, आणि सैल गंज त्याबरोबर वाहून लेसमध्ये शिरला. तो डाग निघाला नाही. तशी लेस पुन्हा मिळणार नाही, याचं वाईट अजून वाटतं. आता मी आधी चार-पाच दिवस वाळू देते, मऊ ब्रशने सैल कण झटकते आणि मग वार्निशचे हलके फवारे मारते. लेस, कागद, मोती सगळं त्यानंतरच. वार्निशने रंग थोडा गडद होतो, ते आधीच धरून चालावं.

कागदासाठी हा संच घेऊ नका. एका जर्नलच्या मुखपृष्ठावर वापरला होता. महिन्याभराने आतल्या पहिल्या तीन पानांवर तपकिरी डाग उतरलेले दिसले. तिथे पेस्टच बरी. लाकूड, एमडीएफ, जाड चिपबोर्ड, प्लास्टिकच्या साच्यातले तुकडे यांवर मात्र मी हाच वापरीन, फक्त दोन दिवसांत काम हवं असेल तर नाही.

बरणीत अजून तिसरा हिस्सा उरलाय. तो पेटीच्या कड्यांसाठी ठेवलाय. हत्यारं आत नव्या फडक्यात गुंडाळून, तेल लावून ठेवली आहेत.